रौप्यपदक मिळालं, मग तिकीट का नाही?

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. चीनमधल्या हांगझोऊला महिलांच्या एशिया कप हॉकीची फायनल होती, भारत विरुद्ध चीन. आमच्या फलटणच्या घरी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्याच्यासमोर तिघी बसलो होतो: माझी आई, मी आणि शाळेच्या संघातून हॉकी खेळणारी माझी भाची. पहिल्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि नवनीत कौरनं गोल केला. आईनं इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मांडीवरचा सोललेला लसूण सगळा खाली सांडला. मग २१व्या मिनिटाला चीननं बरोबरी केली, आणि शेवटच्या दोन क्वार्टरमध्ये आणखी तीन गोल चढवले. १-४.

बक्षीस समारंभात आपल्या मुलींच्या गळ्यात रौप्यपदकं पडली. आई म्हणाली, "दुसरा नंबर आलाय की. मग पोरींची तोंडं का उतरल्यात?"

"वर्ल्ड कपचं तिकीट गेलं, आई."

"आन् दुसऱ्या नंबराला न्हाय?"

"नाही. एकालाच होतं."

"मग दुसऱ्या नंबरात आन् तिसऱ्या नंबरात फरक काय राहिला?"

तिकिटापुरता काहीच नाही. आईला हे एका वाक्यात पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर पटण्यासारखं नव्हतंच. त्यानंतर हाच प्रश्न मला भाचीच्या मैत्रिणींच्या आईवडिलांनी विचारला, गल्लीत विचारला, दुधाच्या डेअरीवर विचारला. आमच्याकडे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण त्या संघात आमच्या फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके होती आणि फलटणचीच ऋतुजा पिसाळ होती. त्यांच्या बरोबरीची वाखरीची अक्षता ढेकळेही भारताकडून खेळलेली आहे. एका तालुक्यातून देशाच्या संघात इतक्या मुली गेल्यावर नियम समजून घ्यायलाच हवेत. म्हणून हा लेख.

आधी मुळातली गोष्ट. एशिया कपसारखी खंडीय स्पर्धा म्हणजे एकाच मैदानावर चाललेल्या दोन स्पर्धा असतात. आपल्याकडच्या कुस्तीवरून सांगते, म्हणजे पटकन ध्यानात येईल. गावच्या यात्रेतलं मैदान असतं तिथं पहिल्या नंबरालाही इनाम असतं, दुसऱ्यालाही, तिसऱ्यालाही. हरलेला मल्लसुद्धा फेटा बांधून, चार पैसे घेऊन घरी जातो. निवड चाचणीचं तसं नसतं. महाराष्ट्र केसरीसाठी जिल्ह्याच्या चाचणीत तुमच्या वजनगटात तुम्ही हरलात, तर कितीही चांगले लढला असलात तरी वर नाव जातं ते जिंकणाऱ्याचं. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. ती गदा सगळ्यांनी पाहिली. पण त्या आखाड्यात उतरण्याआधी निवडीतच मागं राहिलेल्या मुली कोणाला दिसल्या नाहीत.

एशिया कप हे यात्रेचं मैदानही आहे आणि निवड चाचणीही आहे. मैदान म्हणून आपला दुसरा नंबर आला, रौप्य मिळालं आणि ते खरंच मोलाचं आहे. चाचणी म्हणून मात्र नाव एकच वर गेलं, चीनचं.

आता हे "वर" म्हणजे कुठं? तर महिला वर्ल्ड कप, १५ ते ३० ऑगस्ट २०२६, नेदरलँड्समधलं आम्स्टेलव्हेन आणि बेल्जियममधलं वाव्र. एकूण १६ संघ. या सोळा खुर्च्या कशा वाटल्या ते पाहा. दोन यजमानांना, ते दोघं घरचेच. दोन खुर्च्या प्रो लीग नावाच्या वरच्या देशांच्या लीगमधून, दोन हंगामांच्या मिळून. पाच खुर्च्या पाच खंडांना, प्रत्येकी एक: आशिया, युरोप, आफ्रिका, दोन्ही अमेरिका मिळून एक आणि ओशनिया. झाल्या नऊ. उरलेल्या सात खुर्च्यांसाठी वेगळी पात्रता स्पर्धा. तिच्याकडं नंतर येते.

खंडाखंडाला खुर्ची कशासाठी, सरळ जागतिक क्रमवारीतले पहिले सोळा घ्या की, असं भाचीच्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं. चांगला प्रश्न आहे. पण तसं केलं तर वर्ल्ड कप म्हणजे युरोपचीच घरगुती स्पर्धा होऊन बसेल. महिला हॉकीत एकट्या नेदरलँड्सनं २०२२ पर्यंत नऊ वर्ल्ड कप जिंकले आहेत, आणि त्यांच्या भोवतीचे देशही तगडे आहेत. आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या संघांना दार ठेवायचं असेल तर त्यांच्या अंगणातच एक जागा राखून ठेवावी लागते. आता अंगणंही सारखी नाहीत. ओशनियात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असे दोनच मोठे संघ, त्यामुळं तिथली चुरस दोघांतच. आशियात मात्र चीन, जपान, कोरिया आणि भारत असे चार संघ एकमेकांच्या तोडीचे, आणि खुर्ची एक. मला विचाराल तर सगळ्या खंडांत सगळ्यात अडचणीचं दार आपलंच आहे.

बरं, हे दार दरवेळी एवढंच अरुंद असतं असंही नाही, आणि गोंधळ होतो तो इथंच. २०२२ चा एशिया कप मस्कतला झाला. जपान जिंकला, कोरिया दुसरा, आणि आपण सेमीफायनलला कोरियाकडून २-३ हरलो, मग चीनला २-० हरवून तिसरे आलो. तरीही वर्ल्ड कपला गेलो. कारण त्या वर्षी आशियातून पहिले चार संघ घेणार होते. म्हणजे २०२२ ला तिसरा नंबर येऊन गेलो आणि २०२५ ला दुसरा नंबर येऊन राहिलो. खेळ तोच, स्पर्धा तीच, पदक उलट जास्त चांगलं, पण खुर्च्या मोजून ठेवलेल्या. म्हणून एखादी पात्रता स्पर्धा बघायला बसताना पहिला प्रश्न "आपण कितवे येऊ" हा नाही, "यंदा किती जणांना घेणार" हा विचारायचा.

आता स्पर्धेच्या आत जाऊ. हांगझोऊला आठ संघ होते, चार-चारचे दोन गट. आपल्या गटात जपान, थायलंड आणि सिंगापूर. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. आपण थायलंडवर ११ गोल केले, सिंगापूरवर १२, दोघांनाही एकही गोल करू दिला नाही. आमच्या शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, "अगं, सात-आठ झाल्यावर थांबावं की! समोरच्याही लेकीच आहेत." त्यांचं मन मोठं, पण मैदानावर तसं थांबता येत नाही, आणि ते माजोरेपणानं नाही. जपानशी आपली २-२ अशी बरोबरी झाली. जपाननंही बाकीचे दोन सामने जिंकले. म्हणजे दोघींचे गुण सात-सात. मग वर कोण? गुण सारखे झाले की आधी किती सामने जिंकले ते बघतात, तेही सारखे निघाले की गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. आपण २५ केले, दोन खाल्ले, फरक २३. गटात पहिले आपण. मोठ्या फरकानं जिंकणं उपयोगी पडतं ते असं. उलट अशा सामन्यात आपण आठवर थांबलो असतो तर समोरच्या मुलींचा मान राखल्यासारखं वाटलं असतं, पण हिशेबात गटातला पहिला नंबर हातचा जाऊ शकला असता.

त्या जपानच्या सामन्याबद्दल एक सांगायलाच हवं. आपला पहिला गोल ऋतुजानं केला, ३०व्या मिनिटाला, आणि दुसरा नवनीतनं ६०व्या मिनिटाला, म्हणजे सामना संपता संपता. हॉकीचा सामना १५-१५ मिनिटांचे चार क्वार्टर मिळून साठ मिनिटांचाच असतो. तो शेवटचा गोल झाला नसता तर सात-सात गुणांचा प्रश्नच उरला नसता, जपान सरळ वर गेला असता.

दोन्ही गटांतले पहिले दोन-दोन असे चार संघ पुढं गेले, त्याला सुपर फोर म्हणतात. इथं चौघांनी पुन्हा एकमेकांशी खेळायचं आणि पहिल्या दोघांची फायनल. आपला पहिला सामना कोरियाशी. दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवीचा गोल, आणि ५९व्या मिनिटाला चौथा गोल ऋतुजाचा. ४-२. पहिलाही गोल आमच्या तालुक्याचा आणि शेवटचाही. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एकानं दोन किलो पेढे वाटले. त्याचं कोणीही त्या संघात नव्हतं, पण आसू आणि फलटणचं नाव हांगझोऊच्या फलकावर लागलं एवढंच त्याला पुरेसं होतं.

मग चीनकडून १-४ हरलो आणि जपानशी १-१. इथं पुन्हा हिशेब. जपानशी बरोबरी झाल्यावर आपल्या हातात काही उरलं नव्हतं. त्यानंतर चीन आणि कोरियाचा सामना होता, आणि कोरियाला वर येऊ द्यायचं नसेल तर चीनचं भलं चिंतणं भाग होतं. चीन १-० जिंकला आणि आपण फायनलला गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच चीनशी लढायचं होतं. हे खेळाडूंना किती जड जात असेल याचा विचार करा: आज ज्यांच्या विजयासाठी जीव टांगणीला लागला, उद्या त्यांनाच पाडायचं.

भाचीला मी हे समजावत होते तेव्हा ती म्हणाली, "आत्या, म्हणजे आपल्या मॅचपेक्षा दुसऱ्यांच्याच मॅच जास्त बघायला लागतात." अगदी बरोबर. साध्या सामन्यात आपला गोल मोजायचा असतो, पात्रता स्पर्धेत अख्खा तक्ता.

तर मग फायनल हरलो, आता पुढं काय? इथंच आईचा जीव भांड्यात पडला, कारण दुसरं दार आहे. वर ज्या सात खुर्च्या राहिल्या होत्या त्यांच्यासाठी आठ-आठ संघांच्या दोन पात्रता स्पर्धा ठेवल्या आहेत, मार्च २०२६ मध्ये. एक चिलीमधल्या सँतियागोला आणि दुसरी आपल्या हैदराबादला, ८ ते १४ मार्च. आपला संघ हैदराबादला खेळणार, इंग्लंडही तिथंच. प्रत्येक स्पर्धेतले पहिले तिघं वर्ल्ड कपला, आणि दोन्हीकडच्या चौथ्यांपैकी ज्याची जागतिक क्रमवारी वरची, तो सातवा. म्हणजे खंडाच्या दारात एक खुर्ची होती, इथं तीन आहेत आणि नशीब असेल तर चौथी.

मग खंडाच्या स्पर्धेला एवढं महत्त्व कशाला, दुसऱ्या दारातून जास्त जण जातात की, असं वाटेल. पण या दुसऱ्या दाराचा भरवसा धरता येत नाही, आणि याचे दोन अनुभव आपल्या संघाच्या अंगावर आहेत.

पहिला चांगला. टोकियो ऑलिंपिकसाठी २०१८ च्या एशियाडमध्ये, म्हणजे आशियाई खेळांत, सुवर्ण मिळवणाऱ्याला थेट जागा होती. जकार्ताला फायनलमध्ये आपण जपानकडून १-२ हरलो. जपान तर ऑलिंपिकचा यजमान, त्याला जागा आधीच होती. साहजिक वाटतं की आशियाची जागा मग दुसऱ्या नंबरच्या भारताला मिळावी. तसं झालं नाही. ती जागा सगळ्यांसाठीच्या पात्रता सामन्यांत टाकली गेली. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये भुवनेश्वरला अमेरिकेशी लागोपाठ दोन दिवस दोन सामने, दोन्हीचे गोल एकत्र धरायचे. पहिल्या दिवशी आपण ५-१ जिंकलो. सगळ्यांना वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी हाफटाइमलाच अमेरिका ४-० पुढं! एकत्र गोल पाच-पाच. तेव्हा ४८व्या मिनिटाला राणी रामपालनं गोल केला. तो सामना आपण १-४ हरलो आणि तरीही ६-५ च्या बेरजेवर टोकियोला गेलो. तिथं मुली चौथ्या आल्या, ऑस्ट्रेलियाला हरवून सेमीफायनल गाठली. तो राणीचा एक गोल नसता तर त्यातलं काहीच घडलं नसतं.

दुसरा अनुभव रांचीचा. पॅरिस ऑलिंपिकसाठी आशियाची जागा पुन्हा एशियाडच्या सुवर्णाला होती. २०२३ ला हांगझोऊलाच चीननं आपल्याला सेमीफायनलला ४-० हरवलं आणि जागा घेऊन गेला. आपल्याला ब्राँझ मिळालं, वैष्णवी त्या संघात होती. मग जानेवारी २०२४ ला रांचीत आठ संघांची पात्रता स्पर्धा, पहिले तिघं पॅरिसला. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. पहिलाच सामना अमेरिकेकडून ०-१ हरलो. न्यूझीलंड आणि इटलीला हरवून सावरलो. सेमीफायनलला जर्मनीशी २-२, मग शूटआउटमध्ये ३-४ हरलो. तरी एक संधी होतीच, तिसऱ्या नंबरासाठी जपान. ०-१. तिन्ही जागा गेल्या.

शूटआउट म्हणजे काय तेही सांगते, कारण बऱ्याच जणांना ते फुटबॉलसारखं वाटतं. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन एकटी निघते, समोर फक्त गोलकीपर, आणि आठ सेकंदांत गोल करायचा. आठ सेकंद म्हणजे इथून चुलीपर्यंत जाऊन दूध उतू जायच्या आत पातेलं उतरवण्याएवढा वेळ. ते दडपण साऱ्या देशाच्या चार वर्षांचं असतं.

एक घोळ इथंच मिटवते. बिहारमधल्या राजगीरला नोव्हेंबर २०२४ मध्ये आपण चीनला १-० हरवून एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकलो. पुष्कळांनी विचारलं, आशियाचे विजेते झालो मग वर्ल्ड कप का नाही? कारण त्या ट्रॉफीला वर्ल्ड कपचं तिकीट जोडलेलंच नाही. नाव मोठं, मानही मोठा, पण ती निवड चाचणी नव्हे. वर्ल्ड कपचं तिकीट एशिया कपला, ऑलिंपिकचं एशियाडला. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ जातो.

आता मला ज्याच्याबद्दल जास्त बोलायचं आहे ते: असे एक-शून्य, दोन-दोनचे सामने फिरतात कशावर? पेनल्टी कॉर्नरवर. टीव्हीवर ते तीन सेकंदांत होऊन जातं, म्हणून ते कळायला भाचीच्या सरावाला यावं लागतं.

सकाळी सहाला. मैदान मुरमाचं, फक्कीनं आखलेलं. गोलभोवतीचा अर्धगोल, सर्कल, त्याची त्रिज्या १४.६३ मीटर, पण आमच्याकडं ते पावलांनी मोजतात. गोलखांबापासून दहा मीटरवर, मागच्या रेषेवर भाची बॉल ठेवून वाकलेली असते. तिचं काम एकच, बॉल पुश करून सर्कलच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलीपर्यंत पोहोचवायचा. ती मुलगी काठी आडवी जमिनीला टेकवून बॉल थांबवते, आणि तिच्या शेजारची लगेच मारते. समोर गोलात गोलकीपर धरून फक्त पाच जणी, बाकीच्या मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडं. बॉल निघाल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

सोपं वाटतं ना? मुरमावर बॉल एका खड्याला लागला की काठीच्या वरून उडतो. भाचीच्या काठीच्या टोकाला तीन थर चिकटपट्टी आहे, मुरमानं लाकूड खाऊन टाकलंय. दहातले चार पुश नीट पोहोचले तर तो चांगला दिवस. आंतरराष्ट्रीय सामने होतात कृत्रिम टर्फवर, पाणी मारलेल्या. तिथं बॉल न उसळता सरकतो, आणि वेग असा की थांबवणारीचा हात हलतो. मुरमावर वाढलेल्या मुलीला टर्फवर गेल्यावर बॉल थांबवायला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. शिवाय नियम असा की पहिला फटका जोराचा हिट असेल तर गोलरेषेवर तो ४६० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, म्हणजे गोलाच्या मागच्या फळीएवढ्या उंचीच्या आत. ड्रॅग फ्लिक, म्हणजे काठीनं ओढून उचललेला बॉल, मात्र वर गेला तरी चालतो. म्हणून ड्रॅग फ्लिक येणारी मुलगी संघात सोन्यासारखी जपतात. ते शिकवायला टर्फ लागतं आणि रोज लागतं. आठवड्यातून एकदा एसटीनं दुसऱ्या गावी जाऊन ते येत नाही. पात्रता स्पर्धा शेवटी अशा एकेका कॉर्नरवर लागतात, आणि त्या कॉर्नरची तयारी दहा-बारा वर्षं आधी कुठल्यातरी गावातल्या मैदानावर होत असते किंवा होत नसते. माझ्या मते जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांनी मुलींचे सत्कार जितक्या उत्साहानं केले तितक्याच उत्साहानं टर्फ मागितलं पाहिजे. फेट्यापेक्षा ते जास्त दिवस टिकेल.

सध्या ऊसतोडीचा हंगाम चालू आहे, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. त्यातून वाट काढत भाचीला मैदानावर सोडायला जाते तेव्हा ती मागं बसून मला येणाऱ्या तारखा म्हणून दाखवते. मार्चमध्ये हैदराबाद. तिथून जमलं तर ऑगस्टमध्ये वर्ल्ड कप. आणि १९ सप्टेंबर २०२६ पासून जपानमधल्या आयची-नागोयाला एशियाड. तिथल्या सुवर्णाला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं थेट तिकीट. वर्ल्ड कप संपल्यावर जेमतेम तीन आठवड्यांत.

परवा आईनं स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली काढलं आणि नातीच्या हातात पेन दिलं. म्हणाली, "तारखा नुसत्या लिहू नगं. प्रत्येकीपुढं तिकिटं किती ते बी लिही." भाचीनं ८ मार्चच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, "तीन, जमलं तर चार." मग पानं उलटून सप्टेंबरच्या १९ तारखेला लिहिलं, "एक." आईनं चष्मा लावून दोन्ही पानं पाहिली, आणि "एक"च्या खाली स्वतः पेनानं दोन रेघा ओढल्या.